गुणवत्ता आणि गुणक्रम

पापनाशम तालुक्यातील शेतकऱ्याला वाटणी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. तमिळनाडूत तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेला हा भातशेतीचा मुलूख आहे. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनच्या सुमारास सोडण्याचा तेथे जुना प्रघात आहे. ते पाणी कावेरीतून तिच्या फाट्यांत, फाट्यांतून कालव्यांत आणि कालव्यांतून शेतांत उतरते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने अधिक वेळ पाणी घेतले, तर टेलाकडील शेतकऱ्याचे वाफे कोरडे राहतात. पाणी मोजके असते. एकाने जास्त घेतले की दुसऱ्याला तेवढे कमी पडते. म्हणूनच पाण्याला पाळ्या लावाव्या लागतात आणि पाळीवरून भांडणेही होतात.

विद्येचे तसे नाही. एका विद्यार्थ्याने बीजगणित आत्मसात केले, म्हणून शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याच्या वाट्याचे बीजगणित कमी होत नाही. उलट पहिल्याने दुसऱ्याला समजावून सांगितले, तर दोघांचेही वाढते. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्याचीही गरज भासू नये. तरीसुद्धा आपल्या देशातील नामवंत विद्यापीठांत आणि तंत्रशिक्षण संस्थांत गुणांची वाटणी पुष्कळदा कालव्याच्या पाण्यासारखीच केली जाते.

ही वाटणी कशी होते, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. समजा, एका वर्गात साठ विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी केवळ सहा जणांना सर्वोच्च श्रेणी द्यायची, असे आधीच ठरलेले आहे. एखाद्या विद्यार्थ्याने शंभरापैकी ब्याऐंशी गुण मिळवले. ज्या वर्षी वर्ग सामान्य असेल, त्या वर्षी हेच ब्याऐंशी गुण त्याला पहिल्या सहांत नेतील. ज्या वर्षी वर्ग हुशार असेल, त्या वर्षी तेच गुण त्याला मधल्या श्रेणीत ढकलतील. त्याचे ज्ञान तेवढेच, कष्ट तेवढेच आणि उत्तरपत्रिकाही तीच. बदलतात ते फक्त शेजारी. या पद्धतीला सापेक्ष श्रेणी म्हणतात. तंत्रज्ञानाच्या अनेक अग्रगण्य संस्थांत ती रूढ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली दहा बिंदूंची श्रेणीपद्धती सुचवली, तेव्हा सापेक्ष आणि निरपेक्ष असे दोन्ही मार्ग मोकळे ठेवले होते.

सापेक्ष श्रेणीमागे काही कारण नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रश्नपत्रिका एखाद्या वर्षी अवघड निघते, एखादा शिक्षक हात आखडून गुण देतो, एखादा सढळपणे देतो. वर्गातील सर्वांची तुलना एकमेकांशी केली की हे चढउतार आपोआप सपाट होतात. शिक्षकाला ही सोय वाटते यात नवल नाही. परंतु या सोयीची किंमत विद्यार्थी मोजतो. मित्राचा तोटा हाच आपला लाभ, हे त्याला वर्गात पाऊल टाकताच कळून चुकते. मग टिपणे लपवली जातात. शंका विचारणाऱ्याला अर्धवट उत्तर दिले जाते. विषय निवडताना तो किती उपयुक्त आहे यापेक्षा त्या वर्गात कोण कोण बसणार आहे, याचा अंदाज आधी घेतला जातो. ही वृत्ती घेऊन कोणीही विद्यार्थी जन्माला येत नाही. नियमच तिला खतपाणी घालतो.

अशा चढाओढीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण केंब्रिज विद्यापीठाचे आहे आणि मराठी माणसाला ते परके नाही. तेथील गणिताच्या ‘ट्रायपॉस’ या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत. त्यांची नावे क्रमाने जाहीर होत आणि पहिला येणारा तो ‘सीनियर रँग्लर’. १८९९ साली हा मान रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने मिळवला. तो मिळवणारे ते पहिलेच भारतीय. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने शिकलेला हा कोकणातील मुलगा साम्राज्याच्या सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या परीक्षेत पहिला आला, तेव्हा देशभर आनंद झाला. परतंत्र देशाला त्या क्रमांकाचा आधार वाटला, हे स्वाभाविक होते. ‘रँग्लर’ ही पदवी मराठीत त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

पण हा क्रमांक मिळवायचा कसा, हेही पाहिले पाहिजे. केंब्रिजमध्ये खासगी शिकवणीचा मोठा व्यवसाय उभा राहिला होता. एडवर्ड राउथ या एकाच शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. ठरावीक नमुन्याचे प्रश्न ठरावीक वेळात, न अडखळता सोडवायचे, याची वर्षानुवर्षे तालीम चाले. आज कोचिंग क्लास म्हणून ज्याला नावे ठेवली जातात, तो प्रकार कॅमच्या काठी एकोणिसाव्या शतकातच भरभराटीला आला होता. वरच्या टोकाला जसा जयजयकार, तशी खालच्या टोकाला चेष्टा. सन्मानयादीत सर्वांत शेवटी येणाऱ्याला सोबतचे विद्यार्थी एक भला मोठा लाकडी चमचा देत. १८९० साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीला सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण पडले. पण स्त्रियांना क्रमवारीत स्थान नव्हते, म्हणून तिचे नाव ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे वेगळे वाचण्यात आले. पदवी तर तिला मिळालीच नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडले.

या क्रमवारीने खरी गुणवत्ता किती अचूक ओळखली? विजेच्या आणि चुंबकत्वाच्या नियमांची एकत्र मांडणी करणारे जेम्स क्लार्क मॅक्सवेल १८५४ साली दुसरे आले. पहिले होते ते राउथ. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन १८८० साली दुसरे आले. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल सातवे, तर अर्थशास्त्रज्ञ केन्स बारावे. दुसरा किंवा बारावा येणे म्हणजे अपयश नव्हे, हे खरेच. मात्र पहिल्या आणि बाराव्या क्रमांकात जे अंतर त्या काळी आकाशपाताळाएवढे मानले जाई, ते इतिहासाने मानले नाही. १८९८ साली चौथे आलेले जी. एच. हार्डी यांना तर या परीक्षेची इतकी चीड होती, की ती बदलण्यासाठी त्यांनी नेटाने प्रयत्न केले. तिने इंग्लंडचे गणित मागे ठेवले, असे त्यांचे मत होते. १९०९ नंतर क्रमवार यादी जाहीर करणे बंद झाले. परीक्षा राहिली, वर्ग राहिले; क्रमांक गेले. त्यानंतर केंब्रिजमधील गणित खालावले, असे कोणी म्हटलेले नाही.

आता पुन्हा कावेरीकाठी यावे. पापनाशमपासून पूर्वेला सुमारे पंधरा किलोमीटरवर कुंभकोणम आहे. तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य १८५५ पर्यंत होते, त्यामुळे या परिसराशी मराठीचे नाते जुने आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषवणारे राजा सर टी. माधवराव हे मराठीभाषक १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. तेथील सरकारी महाविद्यालयाचा लौकिक असा की लोक त्याला ‘दक्षिण भारताचे केंब्रिज’ म्हणत. १९०४ साली श्रीनिवास रामानुजन हा विद्यार्थी याच महाविद्यालयात शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाला. दहा वर्षांचा होण्याच्या थोडे आधी प्राथमिक परीक्षेत तो तंजावर जिल्ह्यात पहिला आला होता आणि शाळेत गणिताचे पारितोषिक त्याला मिळाले होते. गुणक्रमाच्या शिडीवर तोवर तो सर्वांच्या पुढे होता.

महाविद्यालयात मात्र त्याला गणिताशिवाय काही सुचेना. इंग्रजीत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. घरची स्थिती बेताची. शुल्क भरणे अवघड. १९०५ साली तो कोणाला न सांगता घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेला. पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात त्याने पुन्हा प्रवेश घेतला. १९०६ च्या अखेरीस एफ. ए.च्या परीक्षेला बसला, नापास झाला. १९०७ मध्ये बाहेरून बसला, पुन्हा नापास झाला. शरीरशास्त्राच्या विषयाने त्याला विशेष छळले. एका विषयातील असामान्य प्रावीण्य दुसऱ्या विषयातील उणीव भरून काढू शकत नसे आणि म्हणून मद्रास विद्यापीठाच्या दृष्टीने तो केवळ अनुत्तीर्ण होता. १९१२ साली त्याने मद्रास बंदराच्या कचेरीत महिना तीस रुपयांवर कारकुनी धरली.

पुढची हकिकत सर्वश्रुत आहे. जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी हार्डींना पत्र लिहिले. १९१४ साली ते केंब्रिजला गेले. १९१६ मध्ये त्यांना संशोधनाच्या आधारे पदवी मिळाली आणि १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. या कथेचा उपयोग बहुधा असा केला जातो, की नापास होण्यात काही बिघडत नाही. प्रतिभा आपली वाट शोधतेच. हा निष्कर्ष फसवा आहे. रामानुजन यांची सहा-सात वर्षे उपासमारीत आणि वणवणीत गेली. पत्राला उत्तर आले नसते, तर ते कारकूनच राहिले असते. ज्यांच्या पत्रांना उत्तरे आली नाहीत, अशांची नावे इतिहासाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

येथे आणखी एक बाब नोंदवण्यासारखी आहे. हार्डींच्या आधी रामानुजन यांनी केंब्रिजच्या ज्या दोन गणितज्ञांना लिहिले, असे सांगितले जाते, ते हॉब्सन आणि बेकर हे दोघेही आपापल्या वर्षीचे सीनियर रँग्लर होते. त्यांच्याकडून काही निष्पन्न झाले नाही. ज्यांनी ओळखले, ते हार्डी या क्रमवारीचे शत्रू. एवढ्यावरून सरसकट अनुमान काढण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. कारण ज्या गिल्बर्ट वॉकर यांच्या शिफारशीमुळे मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या रामानुजन यांना दरमहा पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती दिली, ते वॉकरही १८८९ चे सीनियर रँग्लर होते. क्रमांकाने माणूस आंधळा होतोच असे नाही. तो डोळस होतो, याचीही मात्र खात्री नाही.

परांजपे यांचेच पाहावे. पहिला क्रमांक घेऊन आल्यावर सरकारी नोकरीत मोठे पद मिळणे त्यांना कठीण नव्हते. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर शिकवू लागले आणि १९०२ पासून दीर्घकाळ तेथील प्राचार्य राहिले. १९०७ साली स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे ग्रंथालय फर्ग्युसन महाविद्यालयातच ठेवलेले होते. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. केंब्रिजचा पहिला आलेला आणि मद्रासचा नापास झालेला, अशा दोघांचाही त्या एका लहानशा संस्थेशी संबंध यावा, ही गोष्ट बोलकी आहे. संस्थेला सभासदाचा क्रमांक विचारण्याचे कारण नव्हते. गणित आवडते की नाही, एवढेच पुरेसे होते.

गुणक्रमाच्या बाजूने बोलणारे लोक एक मुद्दा मांडतात आणि तो हलका नाही. गरिबाच्या मुलाजवळ ओळखपाळख नसते, वशिला नसतो, देणगी देण्याची ऐपत नसते. त्याच्यासाठी गुण हीच एकमेव शिफारस. गुणक्रम मोडला तर प्रवेश कोणाला मिळेल? ज्याचा काका संचालक मंडळावर आहे त्याला. ही भीती अनुभवातून आलेली आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. जागा शंभर आणि अर्ज दहा हजार असतील, तर कोणाला तरी आत घ्यावे आणि कोणाला तरी थांबवावे लागते. ती निवड उघड आणि सर्वांना सारख्या नियमाने झाली पाहिजे. प्रवेशद्वारावर क्रम टाळता येत नाही.

तरी प्रवेशद्वारावरील क्रमही सर्व काही सांगत नाही. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे आणि ज्याला शाळा सुटल्यावर भाताच्या लावणीवर जावे लागते, त्या दोघांचे गुण समान असले तरी त्यांमागची चाल समान नसते. तमिळनाडूने २०२० साली वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या, त्या याच जाणिवेतून. त्याआधी २०१७ साली त्या राज्याने शालान्त परीक्षांच्या निकालात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची नावे जाहीर करण्याची प्रथाही बंद केली. महाराष्ट्रातही मंडळाची गुणवत्ता यादी एके काळी वर्तमानपत्रांची पहिली पाने व्यापत असे. तीही पुढे थांबली. निकालाच्या दिवशी पेढ्यांच्या दुकानांचे काही नुकसान झाले असल्यास ते सोसण्यासारखे आहे.

खरा प्रश्न दाराच्या आतला आहे. एकदा विद्यार्थी विद्यापीठात आला, त्याची जागा पक्की झाली, की मग कोणती टंचाई उरते? पंगतीत पाने मांडलेली आहेत, प्रत्येकाला बसायला जागा आहे. मग वाढणाऱ्याने पहिल्या सहांनाच तूप वाढण्याचे कारण काय? येथे उत्तर मिळते, की नोकरी देणाऱ्या कंपन्या श्रेणी पाहतात, सर्वांनाच उत्तम श्रेणी दिली तर त्यांना निवड कशी करता येणार? परंतु कंपनीची चाळणी करून देणे हे विद्यापीठाचे काम नव्हे. पूल बांधणाऱ्या अभियंत्याला पूल बांधता येतो की नाही, याची ग्वाही विद्यापीठाने द्यावी. तो आपल्या वर्गातील कितवा होता, याचे पुलाला काहीच नसते.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ साली सर्वोच्च श्रेणींचे प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या आत राहावे, असे धोरण स्वीकारले होते. हेतू चांगला होता. श्रेणी सैल होत चालल्या होत्या आणि त्यांना अर्थ उरावा, असे शिक्षकांना वाटत होते. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांनी त्या आकड्याकडे कोटा म्हणून पाहिले आणि ताण वाढला. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, विद्यापीठाने ती मर्यादा काढून टाकली. श्रेणी सैल होणे हा दोष खराच, पण त्यावर उपाय कसोटी कडक करणे हा आहे. कसोटी आधी जाहीर करावी, ती कठीण ठेवावी आणि जो जो ती पार करील, त्याला त्याला श्रेणी द्यावी; मग ते सहा असोत वा साठ. एकही नसला तरी हरकत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला जीवनमरणाची धार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होते आणि त्याखालोखाल तमिळनाडूतील. या सर्वांचे कारण परीक्षा होते, असे म्हणणे चुकीचे ठरेल; दुःखाची कारणे अनेक आणि गुंतागुंतीची असतात. मात्र नामवंत संस्थेत आलेल्या मुलाची विशेष अडचण समजून घेतली पाहिजे. तो आपल्या गावात, आपल्या शाळेत नेहमी पहिला असतो. अशा शंभर पहिल्यांना एकत्र आणून पुन्हा पहिला ते शंभरावा असे उभे केले, की नव्याण्णव जणांची स्वतःविषयीची समजूत एका सत्रात मोडते. त्यांना कमी येऊ लागले, असे नाही. ते फक्त दुसऱ्या रांगेत उभे राहिले. हे त्यांना सांगणारे कोणी नसेल, आणि गावाकडे तर अजून तोच जुना प्रश्न विचारला जात असेल, तर तो मुलगा बोलणार कोणाशी? पहिल्या सत्राला श्रेणीच न देता केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढेच नोंदवण्याची पद्धत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आहे, आणि तीत अनुत्तीर्णाची नोंद बाहेर जात नाही. तेथील शिक्षण त्यामुळे सोपे झालेले नाही.

दुसरा उपाय पुन्हा संधी देण्याचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नोंदणी केल्यावर विद्यार्थ्याला पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते. उत्तीर्ण झालेला विषय जमेस राहतो; राहिलेला पुढच्या वेळी देता येतो. कामावर जाणारा, संसार सांभाळणारी, शाळा सुटून वीस वर्षे झालेला, अशा कोणाचीही तुलना शेजाऱ्याशी केली जात नाही. तो विषय त्याला आला की नाही, एवढेच पाहिले जाते, आणि प्रमाणपत्रावर तो कितव्या प्रयत्नात आला याची चर्चा होत नाही. जी सोय शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी योग्य ठरते, ती देशातील सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांना नाकारण्याचे कोणतेही सबळ कारण दिसत नाही. सत्रान्त परीक्षेत एका विषयात अडखळलेल्या विद्यार्थ्याला वर्षभर थांबवण्याऐवजी महिनाभरात दुसरी परीक्षा देता आली, तर प्रश्नपत्रिका काढण्याचे आणि तपासण्याचे काम वाढेल, शिक्षकांची संख्याही वाढवावी लागेल. एवढा खर्च विद्यापीठांनी करावा. शिष्यवृत्तीच्या नियमांतही तीच सवलत हवी: एका विषयातील अपयशाने संपूर्ण शिष्यवृत्ती एका झटक्यात बंद न करता निदान एक सत्र ती चालू ठेवावी. १९०५ साली कुंभकोणमला असा नियम नव्हता.